रोजच्या गोष्टींचे मोल

आमच्याकडे प्रतिमहिन्यास जे लेख येतात, त्यांत कथा-कवितांच्या खालोखाल संख्या असते ती स्वतःच्या नित्याच्या आयुष्यातील एखादा लहानसा प्रसंग सांगून त्यावर दोन-चार मते ओघाने मांडणाऱ्या लेखांची. छत्री विसरली, गाडी चुकली, शेजाऱ्याने नवा टीव्ही आणला, मुलगी चित्रपट पाहून आली आणि तिचा आईशी वाद झाला, अशा एखाद्या घटनेने लेखास आरंभ होतो. मध्ये हल्लीची गाणी, हल्लीचे कपडे, हल्लीची मुले यांविषयी लेखकाचे म्हणणे येते. आणि शेवटी तो हसत हसत वाचकाचा निरोप घेतो. हे लेख वाचावयास गोड लागतात, याविषयी आमची तक्रार नाही. परंतु अंक मिटल्यावर त्यांपैकी किती मनात उरतात, हा प्रश्न आम्हांस बरेच दिवस छळीत आहे. वसईकडील एका हस्तलिखिताच्या बाबतीत आमच्या हातून जी चूक घडली, तिने तो अधिकच तीव्र केला. म्हणून या वाङ्मयप्रकाराचा थोडा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

मराठी निबंध जन्मला तो गप्पा मारण्याकरिता नव्हे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ साली सुरू झाली, तेव्हा निबंध हे वादाचे शस्त्र होते. आगरकरांच्या हातीही ते शस्त्रच राहिले. घरातील, रस्त्यातील, स्वयंपाकघरातील गोष्ट निबंधात आली, तर ती समाजाचा एखादा दोष दाखविण्यापुरती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून तिला विनोदाच्या वाटेने आत घेतले. पण केवळ ‘मी’, माझी लहर आणि माझा आजचा दिवस एवढ्याच भांडवलावर निबंध उभा राहू शकतो, हे मराठी वाचकास पटवून दिले ते ना. सी. फडके यांनी. ‘रत्नाकर’ मासिकातून त्यांनी हे लेखन सुरू केले आणि १९३३ साली ‘गुजगोष्टी’ हा त्यांचा संग्रह निघाला. त्याच सुमारास वि. स. खांडेकर ‘वैनतेय’ साप्ताहिकातून लिहीत होते. अनंत काणेकरांची ‘पिकली पाने’ १९३४ साली आली. फ्रान्समध्ये माँतेनने १५८० साली स्वतःलाच ग्रंथाचा विषय करून जी प्रथा पाडली आणि इंग्रजी निबंधकारांनी जी पुढे नेली, ती अशा रीतीने मराठी घराच्या ओसरीवर येऊन बसली.

या लेखकांचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मराठी गद्याच्या अंगावरचा सभेचा अंगरखा त्यांनी उतरविला. वाक्य लहान झाले, बोलते झाले. क्षुल्लक वस्तूकडे पाहावयास वाचक शिकला. परंतु या लेखनाचा एक साचाही लवकरच तयार झाला. सहज वाटणारा आरंभ, मध्ये एखादे विक्षिप्त मत, अखेरीस अलगद कलाटणी. साचा हाती आला की ओतण्यास धातू कोणता आहे, हे कोणी विचारीनासे होते. फडक्यांपाशी निदान भाषेची नजाकत होती. त्यांच्या मागून आलेल्या शेकडो अनुकरणकर्त्यांपाशी उरली ती फक्त सहजता. आणि सांगण्यासारखे काही नसता आणलेली सहजता वाचकास फार लवकर कंटाळा आणते.

आता याच दशकातील दुसऱ्या एका पुस्तकाकडे पाहावे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून १९३७ पर्यंत चार भागांत प्रसिद्ध झाली. शेवटचा भाग निघाला तेव्हा लेखिका हयात नव्हत्या. शाळेचे शिक्षण नाही, इंग्रजी निबंधकारांचा परिचय नाही, निबंधाच्या तंत्राची वार्ताही नाही. सांगितले आहे ते घरातले. अतिसोवळ्या वडिलांच्या घरी बाजारातून आलेले सामान कसे धुऊन घेतले जाई, रागीट आणि कविमनाच्या नवऱ्याबरोबर संसार कसा झाला, १८९५ साली नवऱ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर आपले काय झाले, पाणी कोणाच्या हातचे प्यावे आणि कोणाच्या हातचे पिऊ नये. विषयांच्या दृष्टीने यातील पुष्कळ प्रसंग ‘गुजगोष्टीं’तल्या विषयांहून मोठे नाहीत. मतेही आहेत, आणि तीही ओघात सांगितलेली. तथापि आज ‘स्मृतिचित्रे’ मराठी घराघरांत वाचली जातात. आणि त्या काळच्या लघुनिबंधांचे बहुतेक संग्रह ग्रंथालयाच्या कपाटांत स्वस्थ पडून आहेत. एकाच दशकात, एकाच भाषेत आणि जवळजवळ एकाच सामग्रीतून निर्माण झालेल्या या दोन वाङ्मयांच्या भाग्यात एवढे अंतर का पडले?

याचे उत्तर शोधताना आम्हांस आमचीच चूक आठवते. काही वर्षांपूर्वी वसईच्या पश्चिमेकडील, समुद्राजवळच्या एका गावातून आमच्याकडे एक वही आली. लिहिणारे वृद्ध वाडीवाले होते. अक्षर मोठे, शाई निळी, विरामचिन्हांचा पत्ता नाही. घरामागच्या बावखलाविषयी त्यांनी लिहिले होते. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगावयाचे, तर बावखल म्हणजे गावात खणलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते, त्याने आसपासच्या विहिरींना आधार मिळतो आणि समुद्राचे खारे पाणी दूर राहते. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून सुकेळी कशी करतात, हे त्यांनी चार पानांत सांगितले होते. आणि मग, कोणताही सांधा न जोडता, हिंदी चित्रपटांविषयी आपले मत दिले होते. त्यांचे म्हणणे असे की, चित्रपटातल्या नायकाची गरीब आई नेहमी शिवणयंत्रावर बसलेली असते आणि खोकत असते. आपली आई मात्र भाजीची पाटी डोक्यावर घेऊन पहाटेच्या काळोखात स्टेशनापर्यंत चालत जाई, मुंबईत माल विकून दुपारी परत येई आणि आल्यावर पुन्हा वाडीत पाणी शिंपी. तिला खोकावयास सवड कोठली? पाटी उचलतानाच डोक्यावरच्या भारावरून आज किती पैसे येणार, हे ती सांगत असे.

ती वही आम्ही परत पाठविली. ‘मजकूर फार खाजगी स्वरूपाचा असून सर्वसाधारण वाचकास त्यात रस वाटेलसे दिसत नाही,’ असे सोबतच्या पत्रात लिहिल्याचे आम्हांस स्वच्छ आठवते. ज्या अंकात त्या वहीस जागा मिळाली नाही, त्याच अंकात पावसाळ्यातील चहा या विषयावरील एक सुबक लघुनिबंध आम्ही छापला. पुढे एका व्याख्यानाच्या निमित्ताने आम्ही वसईस गेलो असता मुद्दाम त्या गावी चौकशी केली. ते गृहस्थ वारले होते. घर पाडून नवे बांधताना जुन्या कागदांबरोबर वहीही रद्दीत गेली, असे मुलाने सांगितले. त्यात त्याची चूक नव्हती. संपादकाने परत केलेल्या वहीला घरात मान तो किती राहणार? घरामागे बावखलाच्या जागी राबीट टाकून सपाट केलेली जमीन होती.

घरी परतताना आम्ही त्या पावसाळी लघुनिबंधातील एखादे तरी वाक्य आठवण्याचा यत्न केला. आठवेना. वहीतली पाटी, शिवणयंत्र आणि सुकेळी मात्र आम्ही आज इतक्या वर्षांनी, वही समोर नसताना, वाचकांस सांगू शकलो आहोत. हे आम्ही पश्चात्तापाच्या भरात म्हणतो, असे कोणी समजू नये. टीकाकाराच्या दृष्टीने तो एक पुरावा आहे आणि त्याची छाननी केली पाहिजे.

प्रथम आमची समजूत अशी झाली की, या फरकाचे मूळ स्थळात आहे. रोजच्या प्रसंगाची परीक्षा करावयाची, तर तो उचलून दुसऱ्या गावी ठेवून पाहावा. विसरलेली छत्री पुण्याऐवजी नागपुरात विसरली तरी लेखात एका अक्षराचा बदल करावा लागत नाही. वसईतली ती पाटी मात्र हलविता येत नाही. तिला समुद्राकाठची वाडी लागते, मुंबईचा बाजार लागतो आणि दोहोंना जोडणारी आगगाडी लागते. विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत गाडी १८६७ साली धावू लागली, आणि वसईचे दूध, भाजी, फुले आणि केळी यांचे मुंबईशी नाते जडले, ते कित्येक पिढ्या टिकले. त्या एका बाईच्या डोक्यावरील भाराच्या अंदाजात हा सगळा व्यवहार आलेला आहे.

लोकप्रिय कलांविषयीच्या मतांनाही हीच कसोटी लावून पाहिली. अमुक नट चांगला नाचतो, तमुक गाणे उडते आहे, अशा मतांनी मासिकांची पाने भरतात. आणि दोन महिन्यांनी नटही बदलतो व मतही. आता विरारकडील एक उदाहरण घ्यावे. गोविंदा हा नट १९८६ साली प्रसिद्धीस आला. त्याचे वडील अरुण आहुजा हे मेहबूबांच्या ‘औरत’ या १९४० सालच्या चित्रपटातील नट, आई निर्मलादेवी ठुमरी गाणाऱ्या नामांकित गायिका. वैभवाचे दिवस सरल्यावर हे कुटुंब विरारला राहावयास आले आणि मुलगा पुढे ‘विरारचा छोकरा’ म्हणून सर्वत्र ओळखला गेला. त्याच्या नृत्याविषयी आणि भडक कपड्यांविषयी बरीवाईट मते आम्ही पुष्कळ वाचली. त्यांतील एकही स्मरणात नाही. परंतु गाडीत शेजारी बसलेल्या विरारच्या एका वयस्क कारकुनाचे उद्गार विसरत नाहीत. ते म्हणाले, “त्याचे चित्रपट मला फारसे आवडत नाहीत. पण पूर्वी हापिसात विरारला राहतो म्हटले की लोक विचारीत, ‘तिथून रोज येता?’ आणि हसत. हा मुलगा पडद्यावर आल्यापासून ते हसणे थांबले.” कलेच्या दृष्टीने हे मत काहीच नाही. पण चित्रपट हा माणसाच्या जगण्यात नेमके कोणते काम करतो, हे त्या दोन वाक्यांत जितके कळले, तितके कित्येक परीक्षणांतून कळत नाही.

येथवर आलो तेव्हा आपली कसोटी पक्की झाली, असे आम्हांस वाटले होते. परंतु इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ने ती मोडली. १९४९ साली निघालेल्या त्याच नावाच्या संग्रहातील हा लेख वाचकांच्या परिचयाचा आहे. एका सभेत लेखिकेची ओळख अमक्यांची कन्या, महर्षींची सून, प्राचार्यांची पत्नी अशी करून दिली जाते. तिला त्यात काहीतरी उणे वाटत राहते. आणि पुढे रस्त्यात शाळकरी पोरांच्या तोंडून आपण आपल्या मुलाची आई असल्याचे कानी पडते, तेव्हा ती ओळख पुरी होते. हा प्रसंग पुण्याचा असला, तरी तो वसईत, वऱ्हाडात किंवा बेळगावातही घडू शकेल. स्थळाची कसोटी लावली तर तो नापास व्हावा. पण तो पाऊणशे वर्षे टिकून आहे. अर्थात कसोटीच अपुरी आहे, हे आम्हांस मान्य करावे लागले.

मग ‘परिपूर्ती’, ‘स्मृतिचित्रे’, वसईची वही आणि विरारचा कारकून यांत समान असे काय आहे? आमच्या मते ते हे की, या चारही ठिकाणी सांगणाऱ्याचे काहीतरी पणास लागलेले आहे. विदुषी म्हणून नाव मिळविलेल्या स्त्रीस आपली ओळख नेमकी कशाने होते, हा प्रश्न खरोखरच पडलेला आहे. लक्ष्मीबाईंचा संसार आणि धर्म दोन्ही पणास लागले होते. वाडीवाल्यास आपल्या आईचा अपमान झाल्यासारखे वाटले आहे आणि तो चित्रपटाशी भांडतो आहे. कारकुनाच्या मनात वर्षानुवर्षे साठलेले एक हसणे आहे. पावसाळ्यातील चहा पिणाऱ्या आमच्या लेखकाचे मात्र काहीच पणास लागले नव्हते. चहा आवडला काय, न आवडला काय, त्याचे काही बिघडत नव्हते. मत सहज सांगितलेले असावे, यास आमची हरकत नाही. परंतु ते सहज मिळालेले नसावे. स्थळाचे महत्त्व येते ते यामागून. मनुष्य ज्याच्यासाठी झगडतो ते बहुधा कोठल्यातरी जागेशी, घराशी, धंद्याशी बांधलेले असते; म्हणून खऱ्या गोष्टीत स्थळ आपोआप उतरते. ते वरून चिकटविता येत नाही.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे, आणि तो हलका नाही. कोणी म्हणेल, “तुम्ही वाङ्मयाची परीक्षा करीत नसून माहितीची करीत आहात. बावखल आणि सुकेळी यांची नोंद इतिहासकाराने घ्यावी. निबंधाचे काम आनंद देण्याचे आहे.” माहितीचे ओझे झालेला लेख वाईटच, हे आम्हांसही मान्य आहे. वसईचा लेखक पोर्तुगीज अंमल, १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतलेला किल्ला आणि जीवदानीचा डोंगर यांची यादी देऊन मोकळा झाला, तर त्याचा लेख छत्रीवरील लेखाहून सरस ठरणार नाही. परंतु त्या वहीत सुकेळीचे वर्णन वाचताना आम्हांस जो आनंद झाला, तो माहिती मिळाल्याचा नव्हता. वाळत घातलेली केळी रोज उलटताना बोटांस लागणारा चिकटपणा आणि त्यावर घोंघावणाऱ्या माशा हाकलण्याचे लहान मुलाचे काम, या गोष्टी ज्याने स्वतः केल्या आहेत त्याच्याच लेखणीतून त्या तशा उतरतात. त्याला विरामचिन्हे येत नव्हती. ती घालणे हे संपादकाचे काम होते, आणि ते आम्ही केले नाही.

वसई-विरार येथे या प्रश्नास आज विशेष निकड आहे. ३ जुलै २००९ रोजी येथे महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या शिरगणतीत या शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि चारी दिशांनी माणसे येऊन त्यांत राहिली. त्यांपैकी बहुतेकांचा दिवस गाडीत जातो. गाडीतली भजने, डब्यातले हळदीकुंकू, चौथी जागा मिळविण्यासाठी होणारे आर्जव आणि भांडण हे त्यांचे रोजचे जग आहे. जुन्या वसईकराची वाडी आणि नव्या विरारकराचा डबा, दोहोंचेही वाङ्मय अजून पुरेसे लिहिले गेलेले नाही. लिहिण्याची परंपरा तेथे नाही, असे मात्र मुळीच नव्हे. ‘सुवार्ता’ हे मासिक १९५५ पासून वसईत निघू लागले. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ पासून २००७ पर्यंत त्याचे संपादन केले. हरित वसईच्या चळवळीत ते पुढे होते, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, येथे भरलेल्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले. पाणी, झाडे आणि गाव राखण्याकरिता जो मनुष्य रस्त्यावर उतरतो, त्याच मनुष्याने मासिक चालवावे, हा आम्हांस योगायोग वाटत नाही. गाव वाचवावयाचे, तर गावाविषयी बोलणारी माणसे हवीत. आणि त्यांचे बोलणे छापणारे कोणीतरी जवळपास हवे. ते काम दूरच्या मासिकांनी केले नाही, म्हणून तेथील लोकांस ते स्वतः करावे लागले.

तेव्हा आमच्याकडे लेख पाठविणाऱ्या मित्रांस, आणि विशेषतः आपल्याला लिहिता येत नाही असे समजून गप्प बसणाऱ्या वाचकांस, आमची विनंती अशी आहे. प्रसंग लहान आहे याची लाज बाळगू नये. आपण कोणत्या चित्रपटास हसलो किंवा रडलो, हे अवश्य सांगावे. पण आपल्या आयुष्यातील कोणती गोष्ट त्या हसण्याच्या वा रडण्याच्या आड उभी होती, तेही सांगावे. शेवटची कलाटणी जमली नाही तर तिच्यावाचून लेख संपवावा. गावात ज्या वस्तूस जे नाव असेल तेच लिहावे. पुस्तकी नाव शोधण्याच्या खटपटीत पडू नये. अर्थ आम्ही विचारून घेऊ.

संपादकांच्या बाजूने आम्ही आमच्यापुरता एक नियम केला आहे. ‘फार खाजगी’ असा शेरा मारून कोणताही लेख यापुढे परत जाणार नाही. परत करावयाचाच असेल, तर त्यातले काय खोटे किंवा उसने वाटले, ते लिहून कळवू. आणि परत करण्यापूर्वी त्याची एक प्रत आमच्याजवळ ठेवू.